लाटेची सावली कुठे गेली?

मागच्या अंकात जपानी चित्रकार होकुसाईच्या त्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा गठ्ठाच आला. जपाननं विलायतेकडून काय काय घेतलं, हेच बहुतेकांनी विचारलं आहे. लाट म्हणजे तीच, जिच्या फेसाला वाघनखांसारखी बोटं आहेत, खाली तीन होड्या आणि मागे एवढासा फुजी डोंगर. जपान मी पाहिलेला नाही. एकतीस वर्षं जामनेर तालुक्यात हायस्कुलात ड्रॉइंग शिकवलं, आणि जळगाव स्टेशनावर उतरून अजिंठ्याला निघालेले जपानी पाहुणे तेवढे पाहिले. पण चित्रांची पुस्तकं जमवायचा नाद जुना आहे. त्या जोरावर उत्तरं देतो.

प्रश्न : सर, इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेसाठी आणलेल्या रंगांत 'प्रशियन ब्लू'ची बाटली आहे. तुम्ही लिहिलं, लाटेतला निळा हाच. पण प्रशिया तर जर्मनीकडे. मग जपानचं सगळ्यात गाजलेलं चित्र जपानी कसं?
— दहावीची विद्यार्थिनी, यावल

उत्तर : बेटा, आधी ती बाटली उघड. ब्रशाच्या टोकावर मोहरीएवढा रंग घे आणि पाण्याच्या वाटीत सोड. आख्खी वाटी निळी झाली ना? पांढऱ्यात जरा जास्त पडला की आभाळाचं वाटोळं, आणि नखात गेला तर दोन जेवणं झाली तरी निघत नाही. या जोरावरच लाकडी ठोकळ्यांनी चित्रं छापणारे जपानी भाळले. त्यांच्याकडे आधी दोन निळे होते. एक फुलाच्या रसाचा, तो उडून जायचा. दुसरी नीळ, ती टिकायची पण अशी झळाळायची नाही. हा तिसरा निळा १७०६च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाच्या रंग करणाऱ्याच्या हातून चुकून झाला. बिचारा लाल करायला बसला होता.

जपानची दारं तेव्हा बंद. फक्त नागासाकी बंदरात डच आणि चिनी गलबतांना मुभा, आणि डचांनी राहायचं तेही देजिमा नावाच्या एका पंख्याच्या आकाराच्या बेटावर. त्या फटीतून हा रंग आत आला. जपान्यांनी त्याला नाव दिलं 'बेरो-आय'. बेरो म्हणजे बर्लिन, आय म्हणजे नीळ. १८२० नंतर तो स्वस्त झाला आणि १८३१च्या आसपास लाट छापली गेली. होकुसाई तेव्हा सत्तरीचा होता. कागद आपल्या ड्रॉइंगच्या पाव इम्पीरियल कागदापेक्षा जरा लहानच.

निळा परका, हे झालं. चित्राची मांडणीही अर्धी परकी आहे. क्षितिजरेषा खाली, जवळची लाट डोंगराहून उंच, लांबचा फुजी बोटाएवढा, हे यथार्थदर्शन युरोपातल्या चित्रांवरून जपानात आलं. पण खरी गंमत पुढे आहे. याच होकुसाईनं १८०५च्या सुमारास अशीच एक लाट आणि अशाच होड्या काढल्या होत्या. त्यात त्यानं सगळं विलायती करून पाहिलं. लाटेला सावली देऊन गोलाई आणली, चित्राभोवती फ्रेमसारखी चौकट काढली, इतकंच नव्हे तर आपली सही डच अक्षरांसारखी दिसावी म्हणून आडवी लिहिली! ते चित्र बघितलं तर लाट दगडाची वाटते. पंचवीस वर्षांनी पुन्हा लाट काढली तेव्हा म्हाताऱ्यानं हा नवा निळा घेतला, खालची क्षितिजरेषा ठेवली आणि सावली पुसून टाकली. आता सपाट रंग, धारदार रेघ. आणि लाट अंगावर येते. हे निवडणं होकुसाईचं आहे. म्हणून चित्र जपानी.

हे कळायला मला फार उशीर झाला. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीनं स्मरणचित्रात आठवडे बाजार काढला होता. मिरच्यांचे ढीग, पालांच्या सावलीत बसलेल्या बाया, लांब बैलगाडी. रंग सपाट, रेघ स्वच्छ, लांबची गाडी बरोबर लहान. पालाखाली बाया सावलीत बसल्यात हे कळत होतं, पण सावली कुठे रंगवलेलीच नव्हती. मी लाल शाईनं लिहिलं, 'छायाभेद नाही', आणि दहा गुण कापले. ती आता सुरतला साड्यांची डिझाइनं करते. तो कागद माझ्याकडेच राहिला आहे. लाल शाई फिकट झाली, मिरच्या अजून तशाच लाल आहेत.

प्रश्न : जपानात ॲलोपॅथी एका चित्रांच्या पुस्तकातून आली असं ऐकलं. खरं का?
— निवृत्त कंपाऊंडर, शिरपूर

उत्तर : बरंचसं खरं आहे, आप्पा. १७७१ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, फाशीच्या माळावर एका बाईच्या प्रेताची चिरफाड झाली. बघायला सुगिता गेनपाकु आणि माएनो र्योताकु हे दोन वैद्य गेले. दोघांच्या काखेत डच भाषेतलं शरीररचनेचं पुस्तक, आणि योगायोग असा की दोघांकडे तेच! चिरफाड करणारा नव्वदीचा म्हातारा एकेक अवयव दाखवी, हे पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहात. प्रत्येक अवयव पुस्तकाप्रमाणे निघाला. परंपरेनं शिकलेलं जुळेना. परतताना वाटेतच ठरलं, हे पुस्तक जपानीत आणायचं.

आता अडचण बघा. शब्दकोश नाही, आणि सुगितांना डच अक्षरंही धड येत नव्हती. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत ते सांगतात की नाकाच्या वर्णनातला एकच शब्द घेऊन सगळे संध्याकाळपर्यंत बसले. दुसऱ्या एका ठिकाणी तोच शब्द होता : झाडाची फांदी तोडली की तिथे तो होतो, अंगण झाडून कचरा एकत्र केला की तिथेही तो होतो. मग कुणाला तरी सुचलं : उंचवटा! नाक म्हणजे चेहऱ्यावरचा उंचवटा. सुगिता म्हणतात, त्या क्षणी झालेल्या आनंदाला तोड नव्हती. पुस्तक १७७४ साली निघालं, 'काइताइ शिनशो'.

तुम्ही औषधाच्या अंगानं विचारलंत, पण मी ड्रॉइंग मास्तर, माझा जीव त्यातल्या चित्रकारात. ओदानो नाओताके हा अकिता प्रांतातला तरुण सामुराई. मूळ चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली, केसासारख्या बारीक रेघांची जाळी मारून सावली दिलेली. ती त्यानं कुंचल्यानं उतरवली आणि कारागिरांनी लाकडाच्या ठोकळ्यावर कोरली. इथे मात्र सावली टाकून चाललं नसतं. हाडाचा खळगा आणि हाडाचा उंचवटा यांत फरक सावलीच सांगते. होकुसाईनं टाकली, नाओताकेनं घेतली. काम वेगळं, म्हणून हिशेब वेगळा.

आणि तुमच्यासाठी एक : पुढे एकोणिसाव्या शतकात जपानी डॉक्टरांनी डच सोडून जर्मनांचा गुरुमंत्र घेतला. म्हणून तिकडे पेशंटच्या केसपेपरला आजही 'कारुते' म्हणतात, जर्मन 'कार्टे'वरून.

प्रश्न : चाळीस वर्षं शिंपीकाम करतो. किमोनो शिवणारे शिंपी कोट-पँट कधी शिकले? त्यांचा धंदा बुडाला का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : दादा, तुम्हाला पटेल असा फरक सांगतो. किमोनोला मुंढा नसतो. हातभराहून अरुंद पन्ह्याचा, साधारण बारा मीटरचा ताका घ्यायचा, सरळ सरळ पट्टे कापायचे आणि जोडायचे. कुठे गोलाई नाही, चिंधी निघत नाही. धुवायचा तर टाके उसवून पट्टे सुटे करायचे, ताणून वाळवायचे, पुन्हा शिवायचे. असा हात बसलेल्या माणसापुढे कोट आला म्हणजे मुंढा आला, खांद्याचा उतार आला, अस्तर आलं. बेतण्याची विद्याच नवी. सुरुवात फौजेच्या गणवेशापासून झाली. १८७१ला शेंडीसारखा केसांचा बुचडा कापायची मोकळीक मिळाली, १८७३ला खुद्द सम्राट मेइजींनी कापला. बायकांचं सावकाश. सम्राज्ञी १८८६पासून विलायती पोशाखात दिसू लागल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी बायकांना सांगितलं की असा पोशाख जरूर करा, पण कापड देशीच घ्या.

शिवणयंत्राला जपानीत 'मिशिन' म्हणतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या अगदी तेच म्हणतात! बटणाला 'बोतान', तो पोर्तुगिजांचा शब्द. पावाला 'पान', तोही त्यांचाच, आणि आपला पावही त्यांचाच.

अमळनेर म्हणजे प्रताप मिलचं गाव, म्हणून गिरणीचंही ऐका. १८७२ साली तोमिओका इथे सरकारनं रेशमाची गिरणी काढली. यंत्रं फ्रान्सची, साहेब फ्रान्सचा, पॉल ब्रुना. कामाला पोरीच येईनात. अफवा अशी की हे परदेशी लोक रक्त पितात. पीत होते ते लाल वाइन! शेवटी गिरणीच्या जपानी प्रमुखानं स्वतःच्या मुलीलाच आधी कामावर घेतलं, तेव्हा कुठे बाकीच्या आल्या.

धंदा बुडाला का? आटला. लग्नकार्याला आणि सणाला किमोनो लागतो, रोज नाही. नऊवारीचं आपल्याकडे झालं तेच समजा.

प्रश्न : जपानच्या कला महाविद्यालयांत 'योगा' विभाग असतो असं वाचलं. चित्रकारांना योगासनं कशाला?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : हसू आलं, पण चूक तुमची नाही. तो 'योऽगा', लांब ओ. 'यो' म्हणजे पाश्चात्त्य, 'गा' म्हणजे चित्र. तैलरंगातली विलायती पद्धतीची चित्रकला. तिच्यासमोर जुन्या पद्धतीला नाव पडलं 'निहोंगा', जपानी चित्र. ब्रॉयलर आली तेव्हा आपली कोंबडी 'गावठी' झाली ना, तसंच. त्याआधी ती नुसती कोंबडी होती.

१८७६ला सरकारनं इटलीहून फोंतानेसी नावाचा चित्रकार बोलावून विलायती चित्रकलेची शाळा काढली. तिथे मुलीही शिकल्या. त्यातली यामाशिता रिन पुढे रशियात जाऊन चर्चची चित्रं शिकून आली. १८८३ला शाळा बंद. १८८९ला तोक्योत नवी शाळा उघडली तर तिच्यात विलायती चित्रकलेला जागाच नाही! आपलं जुनं सोडू नका असं जपान्यांना ज्यानं कानीकपाळी ओरडून सांगितलं तो फेनोलोसा हा अमेरिकन. त्याचा शिष्य ओकाकुरा. आणि या ओकाकुराच्या दोन चेल्यांनी, ताइकान आणि शुनसो यांनी, जुन्या पद्धतीत हवा आणि उजेड आणायला रेघच काढून टाकली. टीकाकारांनी त्याला 'मोरोताई' म्हणून हिणवलं, म्हणजे धूसर, अंधूक. १९०३ला दोघं कलकत्त्याला आले. ताइकान रुंद ब्रशानं कागद ओला करतो हे तिथले चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुरांनी पाहिलं आणि अवनींद्रनाथांनी तर आख्खा कागदच पाण्यात बुडवला. तीच आपली वॉश पद्धत. आमच्या गुरुजींनी ती आम्हाला शिकवली तेव्हा उन्हाळा होता आणि गावात आठ दिवसांनी नळ येत होता. एका चित्राला दोन बादल्या. घरमालकीणबाईंनी तिसऱ्या दिवशी आमची वॉश पद्धत कायमची बंद केली.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यास सोडून जपानी कार्टून काढतो, मोठमोठ्या डोळ्यांची. ही तर अमेरिकेची नक्कल. त्याला समजवा.
— एक पालक, धरणगाव

उत्तर : समजवायला तुम्ही चुकीचा माणूस गाठलात, नाना. मोठे डोळे डिस्नेकडून आले हे खरं. तेझुका ओसामु हा त्या कार्टूनांचा मोठा माणूस डिस्नेचा भक्तच होता. पण हा तेझुका शिकला होता डॉक्टरी, आणि चित्रं काढता काढता ती पदवी त्यानं पुरी केली. हे तुमच्या बाजूचं उदाहरण. आता मुलाच्या बाजूचं. कुरोदा सेइकी १८८४ला पॅरिसला गेला तो कायदा शिकायला. दोनेक वर्षांत कायदा सोडून कुंचला धरला, १८९३ला परत आला तो चित्रकार होऊन. १८९५ला त्याच्या विवस्त्र बाईच्या चित्रावरून क्योतोत गदारोळ झाला. १९०१ला दुसऱ्या एका चित्राच्या खालच्या अर्ध्या भागाला पोलिसांनी कापड गुंडाळलं. लोकांनी त्याला नाव ठेवलं 'परकराचं प्रकरण'. हे सगळं होत असतानाही १८९६पासून त्या तोक्योच्या शाळेत विलायती चित्रकलेचा वर्ग चालवत होता तो हाच.

मुलाची वही मला पाठवा. चेहरे नकोत, डोळे मोठे काढले की निम्मं काम झालं असं सगळ्याच पोरांना वाटतं. त्याला म्हणावं, स्वतःच्या डाव्या हाताची दहा चित्रं काढ, पाच सावली देऊन, पाच नुसत्या रेघेत. परीक्षा झाल्यावर पाठवलीत तरी चालेल.