वाचक विचारतात: रस्ता पांढरट केला तरी चटका का बसतो?

प्रश्न: आम्ही फिनिक्सला राहतो. आमच्या गल्लीत महापालिकेनं डांबरावर फिकट राखाडी कोटिंग मारलंय, रस्ता थंड राहतो म्हणे. मी ऑफिसला सायकलने जाते आणि दुपारी चारला परत येताना मला उलट जास्तच भाजल्यासारखं होतं. घरचे म्हणतात मनाचे खेळ. खरं काय?
– एक वाचक, फिनिक्स, अॅरिझोना

उत्तर: मनाचे खेळ वगैरे काही नाहीत, घरच्यांना हे वाचायला द्या. हे कोटिंग फिनिक्सनं २०२० मध्ये काही वस्त्यांत करून बघितलं आणि अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी त्याची मोजणी केली, तर दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग साध्या डांबरापेक्षा साधारण ६ अंश सेल्सिअसनं थंड निघाला, रात्रीची हवाही किंचित का होईना गार, म्हणजे अगदीच फुकट गेलं असं नाही. पण रस्ता गार राहतो तो ऊन परत फेकून, आणि ते ऊन येतं रस्त्यावरनं जाणाऱ्याच्या अंगावर. त्याच मोजणीत दुपारी माणसाला बसणारी उष्णता जवळपास ३ अंशांनी जास्त भरली. कारमधल्याला ह्याचा पत्ता नाही, सायकलवालीला बरोब्बर कळतं.

मोबाइलवर जे ४३ दिसतं ते सावलीतल्या हवेचं तापमान, अंगाला लागतं ते वेगळंच. त्याच युनिव्हर्सिटीतल्या एरियान मिडेल ह्यांनी सेन्सर लावलेली एक हातगाडी केलीय, नाव मार्टी, ती ओढत फिरायचं आणि चारी बाजूंनी, वरून, खालून माणसावर किती उष्णता येते ते मोजायचं. उन्हातनं चांगल्या झाडाखाली गेलं की हवेचा आकडा जेमतेम हलतो पण हा दुसरा आकडा २०-३० अंशांपर्यंत खाली येतो!! म्हणून माझं सरळ मत आहे, रंगाचे डबे नंतर आणा, आधी जिथनं माणसं जातात तिथं सावली पाडा. सहा लेनच्या रस्त्याकडेला भर उन्हात पांढरी रेघ मारून सायकल लेन झाली म्हणायचं, ही तर थट्टा आहे. २०२३ मध्ये तुमच्याकडे लागोपाठ ३१ दिवस पारा ४३ च्या वर गेला होता, त्या रेघेवरनं कोण जाणार तेव्हा?

तुमच्यापुरतं सांगायचं तर रूट बदलून बघा. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला, त्यामुळे उत्तर-दक्षिण रस्त्यावर पश्चिमेकडच्या झाडांची सावली रस्त्यावर येते आणि तिकडं गाड्या उजवीकडनं चालतात म्हणजे दक्षिणेला जाणारी लेन त्या सावलीत असते, उत्तरेला जाणारीला काही मिळत नाही. सकाळी बरोब्बर उलटं. कालव्याकाठचे रस्तेही बघा, गाड्यांचा त्रास नाही, पण सावली तिथंही तुरळकच. गंमत म्हणजे पूर्वी ह्याच कालव्यांच्या काठाला कॉटनवूडच्या रांगा होत्या, पाणी पितात म्हणून विसाव्या शतकात काढून टाकल्या आणि आता तिथंच परत झाडं लावा म्हणून प्लॅन निघतात.

प्रश्न: चॅन्डलरला घर घेतलंय. दारातलं लॉन काढून गुलमोहर लावायची माझी फार इच्छा आहे. मिस्टर म्हणतात खडी टाकून मोकळं हो, पाण्याचं बिल कोण भरणार.
– एक वाचक, चॅन्डलर

उत्तर: लॉन काढताय हे उत्तम. गुलमोहराचा मोह मला समजतो हो, पण तुमच्याकडे हिवाळ्यात एखाद्या रात्री दहिवर गोठतं आणि गुलमोहराला ते सोसत नाही. मिस्टरांची खडी पाणी वाचवेल पण तापेल केवढी, संध्याकाळी दार उघडवणार नाही. मेस्किट, पालो व्हर्डे किंवा आयर्नवूड ह्या तिकडच्याच वाळवंटी झाडांतलं एखादं लावा, एचओएच्या (म्हणजे तुमच्या वसाहतीच्या घरमालक संघटनेच्या) यादीत आहे का तेवढं आधी बघून घ्या. पालो व्हर्डेचं खोडसुद्धा हिरवं असतं, पानं गळली तरी खोडातनंच अन्न तयार करतं. मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या विलायती बाभळीचं भावंड, काही भागात तिला वेडी बाभूळ म्हणतात, आपल्याकडे ती उपरी आणि माजलेली, तिकडं मात्र हे झाड मूळचंच.

आता पाणी. फिनिक्स परिसरात वर्षाला साधारण १८० मिलिमीटर पाऊस, ऐकायला काहीच नाही, पण १५०० स्क्वेअर फुटांच्या छपरावरनं तेवढ्यातच २० हजार लिटरच्या वर पाणी खाली येतं आणि गटारात जातं. ते पाइपनं झाडाकडं वळवा, जमीन पसरट बशीसारखी खोल करून. अॅरिझोनातल्याच ट्यूसॉन शहराच्या डनबर स्प्रिंग भागात तिथलेच रहिवासी ब्रॅड लँकॅस्टर ह्यांनी तर फुटपाथच्या कडेचा काँक्रीटचा कठडा कापून रस्त्यावरनं वाहणारं पाणी झाडांच्या खड्ड्यात घेतलं, आधी परवानगी न घेता, मग महापालिकेनंच नियम बदलून ते कायदेशीर केलं. २००८ मध्ये ट्यूसॉननं व्यापारी इमारतींना बागेचं निम्मं पाणी पावसाचंच वापरायची सक्तीही केली.

पहिली दोन-तीन वर्षं वरनं पाणी द्यावंच लागेल. तेव्हा एक चूक टाळा, ड्रिप खोडाला चिकटवून रोज थोडंथोडं पाणी नका देऊ. मुळं वरच्या वर राहतात, झाड भराभर वाढतं आणि जुलैतलं वादळ आलं की मुळासकट आडवं. पानांचा घेर संपतो तिथं पाणी द्या, उशिरा उशिरा आणि भरपूर. आणि घराच्या पश्चिमेला लावा, एसीचं बिल बघून मिस्टर आपोआप गप्प बसतील.

प्रश्न: टेंपीत म्हणे गाड्यांशिवायची वसाहत झालीय. एवढ्या उन्हात लोक राहतात कसे?
– एक वाचक, पुणे

उत्तर: फिनिक्सला लागून असलेल्या टेंपीतल्या ह्या वसाहतीचं नाव कल्डसॅक, २०२३ पासून लोक राहायला आले. राहणाऱ्यांना पार्किंग नाही, दारात लाइट रेल, म्हणजे ट्रामसारखी शहरातली रेल्वे. पांढऱ्या इमारती मुद्दाम जवळजवळ बांधल्यात, मधे अरुंद बोळ, म्हणजे एका भिंतीची सावली दुसरीवर. पार्किंगच नाही म्हटल्यावर तापणारं डांबरही नाही. अर्थात शहराच्या मानानं ती ठिपक्याएवढी आहे, बाकी टेंपी अजून गाडीवरच चालतं.

प्रश्न: आमच्या जळगावात मे महिन्यात ४५ होतं. वाळवंटातलं हे सगळं आम्हाला काय कामाचं?
– एक वाचक, जळगाव

उत्तर: अहो, तुमच्याकडे पाऊस त्यांच्या तिप्पट-चौपट पडतो आणि कडुनिंब न सांगता उगवतो! तुमचा प्रॉब्लेम वेगळाय. असलेल्या झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट, पाणी मुरायला जागा नाही, वर तारांच्या नावाखाली दरवर्षी फांद्या बोडक्या करायच्या. आधी बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडायचा अर्ज द्या नगरसेवकाकडे, किमान मीटरभर तरी मोकळं मागा, नवीन रोपांचा फोटोसेशन कार्यक्रम नंतर बघू.