गुलमर्गला स्कीइंग न करता काय करता येईल?

पाच दिवस आहेत आणि बायकोला स्कीइंग नको, असं म्हणताय, तर आधी स्नोशू भाड्याने घ्या. बुटाखाली बांधायचं रॅकेटसारखं रुंद पाऊल असतं ते. भुसभुशीत बर्फात पाय गुडघ्यापर्यंत रुतत नाही. स्थानिक वाटाड्या घेऊन बाबा रेशीच्या दर्ग्याच्या बाजूला जंगलात उतरा. फांदीवरून बर्फ घसरला की फक्त तेवढाच धप्प आवाज येतो, बाकी शांतता. माझ्या मते गुलमर्गचं खरं सुख तेच.

कडक थंडी असेल तर तंगमर्गजवळचा द्रंगचा गोठलेला धबधबा बघाच. गोंडोलाची, म्हणजे अफरवत डोंगरावर नेणाऱ्या रोपवेची, तिकिटं आधीच ऑनलाइन काढा. वर अफरवतला हवा विरळ असते, सावकाश चाला आणि हिमस्खलनाचा धोका असल्याने आखलेल्या हद्दीबाहेर अजिबात जाऊ नका.