तेवीस अर्धवट गाणी

अगं मुली,

परवा तू गेल्यावर चहाचे कप टेबलावर तसेच राहिले आणि मी तुझ्या त्या तक्त्याचा विचार करत बसलो. गाणं रेकॉर्ड करायची सहा सॉफ्टवेअरं, चौदा रकाने, रंगसुद्धा भरलेस. त्याच लॅपटॉपवर तेवीस गाण्यांचे फोल्डर, आणि पूर्ण एकही नाही. एकाचं नाव ‘फायनल ३ नवीन’. उघडून बघतो तर तंबोरा आणि दीड ओळ.

‘काका, कुठलं घेऊ?’ असं तीनदा विचारलंस. मी टाळलं, कारण बोललो असतो तर चिडलो असतो. आता लिहितो.

रीपर घे. सगळ्या सोयींसकट ६० दिवस वापरून बघता येतं, मग घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा. तुझ्या जुन्या लॅपटॉपला झेपेल. दिसायला रूक्ष आहे, आणि तबल्याचा एक बोल त्यात आयता मिळणार नाही. मॅक असता तर गॅरेजबँड म्हणालो असतो, तेही चाललं असतं. झाली निवड. आता गाणं संपव.

आयता तबला नाही म्हणून तोंड वाकडं करशील. अगं, तुझं ते रूपक तालातलं गाणं त्या तयार लूपवर, तबल्याच्या त्याच त्या फिरत राहणाऱ्या तुकड्यावर, बसवल्यामुळेच मेलंय! सॉफ्टवेअरची टिकटिक पहिल्या मात्रेवर ठणकन वाजते आणि रूपकची सम, म्हणजे तीच पहिली मात्रा, असते ‘खाली’ची, बिनटाळीची, हलकी. तू मात्र टिकटिकीला घाबरून समेवर जोर देत गेलीस. ती बंद कर. शेजारचा कुणी तबला शिकणारा पोरगा गाठ, त्याला समोर बसव, दोघं एकदम वाजवा-गा. पडद्यावरच्या उभ्या रेघांशी ठेका जुळणार नाही. न जुळू दे.

दुसरी तक्रार, हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज जरा उशिरा येतो. त्यासाठी नवीन सॉफ्टवेअर कशाला? तुझा बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे जेवढे नमुने साठवून मग पुढे सोडतो तो आकडा, ५१२ वर आहे. ४८ किलोहर्ट्झला, सेकंदाला ४८ हजार नमुन्यांना, म्हणजे जाताना जवळजवळ ११ मिलिसेकंद, येताना तेवढेच, वर ड्रायव्हरचे आणखी थोडे. गाताना १२८ वर आण, मिक्सिंगला, सगळे आवाज एकत्र जुळवायला, बसलीस की १०२४ कर. माइक जोडतेस त्या डबीवर, इंटरफेसवर, डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर तेच दाब, आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो, प्रश्नच मिटला. पाच मिनिटांचं काम, आणि यापायी तू दोन सॉफ्टवेअरं बदललीस.

मिरजेला दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे तू रात्र जागवली आहेस. त्यांच्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. तेवढ्यात राग मांडायचा आणि थांबायचं. ते गेले १९३७ साली. लांब वाजणारी एलपी आली १९४८ ला. सोय होईपर्यंत थांबू म्हणाले असते, तर आज आपण काय ऐकलं असतं?

आता माझं सांगतो. २००९ साली आत्याच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. दोन दिवस, माजघरात, जातं खरोखर फिरवून. मग मला वाटलं, हे सॉफ्टवेअर बरं नाही, नव्यात नीट मिक्स करू. चार वर्षांत तीन बदलली. ज्यात मूळ काम होतं ते नव्या विंडोजवर उघडेना. फोल्डरमध्ये चौसष्ट तुकडे आहेत, ‘ऑडिओ ००१’ पासून. कुठला कुठे बसतो ते सांगणारी फाइल उघडत नाही. आत्या २०१४ ला गेली. आवाज आहे, ओवी सलग नाही. काही तुकड्यांत तर नुसती घरघर. अजूनही कधीतरी रात्री जोडायला बसतो, बाविसाव्यापाशी अडतो.

२००९ सालीच ते कसंबसं संपवलं असतं, तर वाईट मिक्स असतं. असतं तरी!

म्हणून म्हणतो, गाणं संपव. संपलं की प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटापर्यंत वेगळी वेव्ह (.wav) फाइल म्हणून काढ आणि दोन ठिकाणी ठेव. वेव्ह कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते. मग खुशाल बदल, पण दहा गाणी झाल्यावर. नऊ नाही, दहा.

माझा कॉम्प्युटर बघून तू हसलीस, ते दिसलं मला. इंटरनेटची वायर मी मुद्दाम काढून ठेवतो, अपडेट येऊ नये म्हणून. आमचे चिरंजीव म्हणतात, बाबा, तुम्हाला नवीन शिकायचा कंटाळा आलाय आणि त्याला तुम्ही तत्त्व म्हणता. तसं नाही. मला त्या प्रोग्रामची प्रत्येक खोड माहीत आहे, कुठे अडकतो, कधी सेव्ह करायचं, सगळं हाताला ठाऊक आहे. त्यावर मी एकोणचाळीस गाणी पूर्ण केली. बरं, थोडा कंटाळाही असेल. पण एकोणचाळीस!

तू चांगलं गातेस, हे वेगळं लिहीत नाही. चांगलं गात नसतीस तर एवढं पत्र लिहिलं नसतं.

काकूने आशीर्वाद सांगितलेत.

तुझा,
काका

ता. क. तक्ता पुसून टाक आणि ‘फायनल ३ नवीन’पासून सुरुवात कर. त्यात दीड ओळीनंतर कुकरची शिट्टी ऐकू येते, म्हणून तू तिथे थांबलीस ना? शिट्टी राहू दे. पुढची ओळ गा, आणि रविवारी ये.