सिंगल-स्पीड सायकल: नवी चेन घेण्याआधी
आधी जुनी चेन मोजा. 24 कड्या, पिन ते पिन, बरोबर 12 इंच भरायला हव्यात. 1/16 इंच वाढल्या की चेन बदला. 1/8 पर्यंत ओढलीत तर ती फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीचे) दातेही खाते आणि मग नवी चेन त्यांच्यावर उडत राहते. मी हा खर्च सोसलाय, तुम्ही टाळा.

1/8 इंच रुंदीची चेन 3/32 इंच रुंदीच्या दात्यांवर चालते, उलट नाही. पुढे 44 दाते असतील तर मागे 18 घ्या. 16 सपाटीला छान, चढावर गुडघे बोलतात.

ताण देताना पेडल पूर्ण फेरी फिरवा. सर्वांत घट्ट जागीही चेनला मधोमध अर्धा इंच हालचाल हवी. चेन जोडणाऱ्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला. तेल घातल्यावर बाहेरून नीट पुसा.