मोगरा उकळू नकोस

अगं, सुगंधी तेल करायला मोगरा पाण्यात उकळलास तिथेच चुकलं. त्याचा वास इतका नाजूक की आचेला टिकत नाही. उलट हे फूल खुडल्यावरही कितीतरी तास गंध सोडत राहतं, म्हणून त्याला थंड तेलातच मुरू द्यायचं.

संध्याकाळी उमलायच्या बेतातल्या टपोऱ्या कळ्या खुड. देठ काढ, सुती फडक्यावर पसरून अंगचं पाणी पूर्ण सुकू दे. मग काचेच्या बरणीत तिळाच्या तेलात बुडव. दुसऱ्या दिवशी तेल गाळ आणि त्यातच ताज्या कळ्या घाल. असं दहा-बारा वेळा. तिसऱ्या दिवशी वास लागला नाही म्हणून सोडू नकोस. माझं तेल सातव्या-आठव्या फेरीला बोलायला लागतं. खोबरेलही चालेल, 24 अंशांच्या वर ते पातळच राहतं, पण घाण्याचं असेल तर त्याचा स्वतःचा वास मोगऱ्यावर बसतो.

एका पावसाळ्यात माझी अख्खी बरणी बुरसली. कळ्या ओल्या होत्या, एवढंच कारण. गाळलेलं तेल रात्रभर स्थिर ठेव, तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर वरचं तेल हळूच ओतून घे.

बकूळ मात्र नवख्या हाताला सोपी, सुकली तरी वास धरून असते. आणि उन्हाळ्याच्या तोंडाला वेंगुर्ल्याच्या बाजारात सुरंगीच्या सुवासिक फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, दिसले, तर एक केसात माळ, एक बरणीसाठी आण. तयार तेल आधी मनगटावर थेंबभर लावून दिवसभर बघ.