फौजेतून गॅरेजमध्ये येताना

ईएमईतून (फौजेची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून) निवृत्त होऊन साताऱ्यात दुचाकीचं गॅरेज काढताय, वाचून फार आनंद झाला. हात तुमचे तयारच आहेत, आता हिशोब शिकायचाय. फौजेत इंडेंट (मागणीपत्र) भरला की स्टोअरमधून पार्ट यायचा. इथे प्रत्येक बेअरिंगचे पैसे आधी आपल्या खिशातून जातात.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनचा (पेन्शनचा काही भाग सोडून एकरकमी मिळालेला) सगळा पैसा यंत्रांत घालू नका. नवे लोक इथेच अडकतात. चांगले पाने, टॉर्क रेंच, कॉम्प्रेसर पुरे. लेथ नंतर.
- गाडी आत घेतानाच जॉब कार्ड लिहा: तक्रार, किलोमीटर, अंदाजे खर्च. खर्च वाढणार असेल तर आधी फोन, मग काम. काढलेला जुना पार्ट मालकाच्या हातात द्या. विश्वास बसतो तो त्यानेच.
- उधारी देऊ नका, ओळखीच्यांनाही.

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांचं फ्युएल इंजेक्शन, बिघाड शोधणारा स्कॅनर, रीबोअर (इंजिनाचा सिलिंडर कोरून मोठा करणं) यांत लगेच शिरू नका. सर्व्हिसिंग, ब्रेक, क्लच, चेन-स्प्रॉकेट या कामांत आधी नाव होऊ द्या. अडलात तर बिनधास्त विचारा.