ज्युनिअरला पहिला येतो, म्हणून बाग गहाण टाकू का?

देवगडहून एका वडिलांचं पत्र आलंय. हापूसची कलमं आहेत, मुलगा 15 वर्षांचा, यंदा दहावीला, आणि कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर बाईक रेसिंगच्या ज्युनिअर क्लासमध्ये सलग दोन सीझन पहिला आलाय. आता कोणीतरी सांगितलंय की स्पेनला पाठवा, पोरगा मोटोजीपी, म्हणजे बाईक रेसिंगचा जगातला सगळ्यात वरचा क्लास, मारणार. त्यासाठी बाग गहाण टाकू का, असं ते विचारतायत.

दादा, सरळ सांगतो, नका टाकू. पोरगा भारी चालवतो यात मला शंका नाही, पण तुम्ही बागायतदार आहात, मोहर बघून पेट्यांचा हिशोब तुम्ही तरी करता का?

मोटो3, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपचा सगळ्यात खालचा क्लास (त्यावर मोटो2, मग मोटोजीपी), सुरू झाली 2012 ला. 2012 ते 2021 या 10 वर्षांत 10 वेगवेगळे वर्ल्ड चॅम्पियन झाले आणि त्यातल्या दोघांनीच पुढे मोटोजीपीचं टायटल घेतलं, होआन मीरने 2020 ला आणि होर्हे मार्टिनने 2024 ला. 2015 चा चॅम्पियन डॅनी केंट तर मोटोजीपीच्या ग्रिडवर कधी आलाच नाही. आणि ही सगळी जगातली टॉपची पोरं हां, आपण अजून कोइम्बतूरच्या ज्युनिअर क्लासबद्दल बोलतोय. उलटं पण बघा, केसी स्टोनरला 125 सीसीचं टायटल नाही, 250 सीसीचं नाही (हे तेव्हाचे खालचे क्लास), तरी 2007 आणि 2011 ला मोटोजीपीचा चॅम्पियन तोच. वॅलेंटिनो रॉसी आणि मार्क मार्केझ खालपासून वरपर्यंत जिंकत गेले म्हणून आपल्याला वाटतं सगळ्यांचं तसंच होतं.

असं का होतं, तर मोटो3 ची गाडी 250 सीसी, सगळे एकमेकांच्या स्लिपस्ट्रीममध्ये, म्हणजे पुढच्याच्या मागे वारा कमी लागतो तिथे, घोळक्याने जातात, हलक्या अंगाच्या पोराला स्ट्रेटवर फायदा मिळतो, आणि वरती मोटोजीपीत 1000 सीसी, 300 हॉर्सपॉवरच्या आसपास, तिथे टायर शेवटच्या लॅपपर्यंत टिकवणं, ब्रेकिंग, इलेक्ट्रॉनिक्स समजून इंजिनिअरला नीट सांगणं हे सगळं लागतं, म्हणजे खेळच बदलतो. त्यात पोरगा 17 व्या वर्षी अर्धा फूट वाढला की छोट्या गाडीवरचं गणित गेलंच.

फ्रान्सच्या फाबिओ क्वार्तारारोचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. 2013 आणि 2014 ला सीईव्ही मोटो3, म्हणजे स्पेनमधली मोटो3 ची चॅम्पियनशिप, जिंकला, त्याच्यासाठी वयाचा नियम बदलला, 15 व्या वर्षी ग्रांप्रीत, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या रेसमध्ये, आला, आणि पुढच्या चार वर्षांत मोटो3, मोटो2 मिळून एकच रेस जिंकला. तेव्हा लोकांनी संपला म्हटलं असेल. 2021 ला तोच मोटोजीपीचा वर्ल्ड चॅम्पियन. म्हणून पुढे पोरगा हरायला लागला तर त्याला बोलू नका, प्लीज.

तुम्ही बघायचं काय, तर क्लास वाढल्यावर पहिल्या सीझनला तो किती लवकर जुळवून घेतो, सारख्याच गाडीवर टीममेटपेक्षा लॅप टाइम किती मागेपुढे आहे, पावसात कसा चालवतो, आणि पडल्यावर का पडलो हे त्याला सांगता येतं का. वन-मेक क्लासमध्ये, म्हणजे सगळे एकाच मॉडेलवर चालवतात तिथे, गाड्या कंपनीच्याच असतात, खर्च आवाक्यात राहतो, तिथे अजून दोन वर्षं चालवू दे. मोटो3 वर्ल्ड चॅम्पियनशिपला 2023 पासून साधारण 18 वय लागतं, त्यामुळे घाई कुठेच नाहीये.

एका गोष्टीवर मात्र मी रागावलोय. सरावासाठी तो पहाटे कुणकेश्वरच्या रस्त्यावर बाईक काढतो असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. ते आजच बंद करा. पालकाला 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते ते सोडा, ऑगस्ट 2023 ला चेन्नईच्या ट्रॅकवर, मार्शल आणि अँब्युलन्स असताना, 13 वर्षांच्या मुलाचा रेसमध्ये जीव गेला. आपल्या वळणांवर तर डंपर येतात.

दहावी झाली की मालवणच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकला मेकॅनिकल डिप्लोमाचा फॉर्म भरा. रेसिंग टीमला डेटा वाचणारी, सस्पेन्शन लावणारी माणसं लागतातच, आणि स्वतः चालवलेल्या पोराला ते काम लवकर कळतं. पुढच्या सीझनचे लॅप टाइम वहीत लिहून ठेवा, त्याचे आणि टीममेटचे, आणि मला पाठवा, मग स्पेनचं बोलू.